अर्धं ब्लेड आणि पणजोबांचा जेम

काका, नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातला, वय २९, बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला. दिवाळीत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवली, त्यात पणजोबांचं दाढीचं मशीन सापडलं. पणजोबा मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला जाऊन आले. मशीनवर 'जेम मायक्रोमॅटिक' असं कोरलंय. मुठीचं बूड फिरवलं की तोंड उघडतं. सोबत कागदात गुंडाळलेली चार गंजकी ब्लेडं होती. तसलं ब्लेड खानापुरात मिळेना, बेळगावात मिळेना. मग सलूनवाला करतो तसं टोपाझचं दुधारी ब्लेड मधोमध मोडून अर्धं घातलं. सैल बसत होतं, म्हणून मागे सिगारेटच्या पाकिटातली चांदी घडी करून कोंबली. पहिल्याच ओढीला हनुवटीखाली दोन जागी कापलं. पट्टी लावून कामावर गेलो, सगळे हसले.

पण नाद लागला तो लागलाच. चार महिन्यांत ऑनलाइन आणखी सहा जुने रेझर घेतले. दोन एव्हर-रेडी, एक रोल्स, एक व्हॅलेट, एक शिक, एक स्टार. साडेअकरा हजार गेले. पार्सलं मित्राच्या झेरॉक्सच्या दुकानावर मागवायचो. परवा बायकोला कळलं, तेव्हापासून ती धड बोलत नाही. आई म्हणते, गेलेल्या माणसाचा वस्तरा तोंडाला लावू नये. काका, रेझरच खराब आहे का? आणि हे सहा ठेवू की विकू? सांगा की.

— एक खानापूरकर

घरातल्या भानगडीकडे नंतर येतो. आधी हनुवटी. (अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे.)

रेझर खराब नाही. तुझा हातही फार वाईट नसावा. तू घातलेलं ब्लेड त्या रेझरचं नव्हेच, एवढंच. सलूनवाला अर्धं ब्लेड घालतो ते त्याच्या उस्तऱ्यात, आणि तो उस्तरा मुळात त्या अर्ध्या तुकड्यासाठीच बनवलेला असतो. जेमच्या ब्लेडची जात वेगळी. त्याला धार एकाच बाजूला असते आणि पाठीवर दुमडलेल्या पत्र्याचा कणा असतो. जाडी साधारण ०.२३ मिलीमीटर. तुझ्या टोपाझची ०.१ च्या आसपास. रुंदीचं तर विचारूच नकोस. जेमचं ब्लेड १९ मिलीमीटरच्या जवळपास, तुझा तुकडा ११. मधला आठ मिलीमीटरचा खड्डा तू सिगारेटच्या चांदीने भरलास! फौंड्रीतला माणूस तू. लेथवर टूल सैल बांधलं तर जॉबवर काय नक्षी उठते ते मी तुला सांगायला नको. तीच नक्षी तुझ्या हनुवटीवर उठली.

ब्लेडांचे हे एकधारी आणि दुधारी असे दोन पंथ झाले कसे, तेही ऐक, कारण पुढे काय घ्यायचं आणि काय नाही ते त्यावरच ठरतं. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या काम्फ बंधूंनी एक पेटंट घेतलं. उस्तऱ्याचा बोटभर तुकडा कापून तो दांड्यावर आडवा बसवायचा, पुढे दात्यांची कड द्यायची, म्हणजे धार गालात घुसत नाही. 'सेफ्टी रेझर' हा शब्द तिथून आला. त्यांचा 'स्टार' रेझर फार चालला. पण त्यातलं पातं जाड पाचरीसारखं, दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून घ्यावं लागायचं. मग जिलेट आला. त्याचं म्हणणं, धार लावायचीच कशाला, वापरा आणि टाकून द्या. त्यासाठी पातं कागदासारखं पातळ केलं आणि दोन्हीकडे धार दिली. १९०३ साली त्याचे विकले गेले ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला. आपल्या आजोबांपासून आपल्यापर्यंत सगळ्यांनी ज्याला 'दाढीचं मशीन' म्हटलं ते हेच, दुधारी ब्लेडचं.

एकधारीवाले मात्र हटले नाहीत. जेम, एव्हर-रेडी आणि स्टार ही तिन्ही नावं पुढे अमेरिकन सेफ्टी रेझर या एकाच कंपनीच्या छपराखाली आली. ब्लेड टाकून देण्याचं तत्त्व त्यांनी उचललं, पण जाडी आणि कणा सोडला नाही. तुझा मायक्रोमॅटिक १९३० नंतरचा, त्या हट्टाच्या भरभराटीतला. आणि त्याची ब्लेडं आजही बनतात, हे तुझं नशीब.

इथल्या दुकानात ती मिळायची नाहीत, परदेशातून मागवावी लागतात. टपालखर्च ब्लेडांपेक्षा जास्त पडतो, म्हणून एकदाच वर्षभराची घे. लेप दिलेली, स्टेनलेस, दाढीसाठीची असं स्पष्ट लिहिलेलं बघून घे. हे मुद्दाम सांगतो, कारण हार्डवेअरच्या दुकानात काच आणि रंग खरवडायची अगदी तशाच दिसणारी, कणा असलेली ब्लेडं असतात. उद्यमबागेच्या आसपास तुला ती हमखास दिसतील. तुझ्या जेममध्ये ती बसतीलही. ती तोंडाला लावायची नाहीत. ट्रंकेतल्या चार गंजक्या ब्लेडांनाही हेच लागू. कागदासकट डबीत ठेव. बघायला चांगली आहेत.

ब्लेड आलं की मूठ फिरवून तोंड उघड आणि आधी रिकाम्या रेझरकडे नीट बघ. पुढच्या दोन कोपऱ्यांत दोन बारीक खुंट्या दिसतील, तांदळाच्या कणीएवढ्या. ब्लेडची धार दोन्ही टोकांना त्या खुंट्यांना टेकून थांबते. या जातीच्या रेझरमध्ये सुरक्षित म्हणून जे काही आहे ते या दोन खुंट्यांत. एक जरी मोडलेली किंवा झिजलेली असली तर ब्लेड तिरकं बसतं, एक कोपरा पुढे येतो आणि कान, नाही तर ओठ, ठरलेला. ब्लेड घालून तोंड बंद केलंस की खिडकीपाशी जा आणि डोळ्यासमोर आडवं धर. धार आणि खालची पट्टी यांच्यातली उजेडाची रेघ डावीकडून उजवीकडे सारखी दिसली पाहिजे. एकीकडे जाड, एकीकडे बारीक दिसली तर उघड आणि पुन्हा बसव. हे मी अजून रोज करतो. बायको म्हणते, चष्मा लावून सुईत दोरा ओवताय की दाढी करताय?

आता हात. दुधारी मशीनची सवय असलेला माणूस मूठ खाली कलती धरतो. जेमला ते चालत नाही. डोक्याचा सपाट पत्रा आधी गालावर पुरता टेकव. मूठ गालापासून जवळजवळ सरळ बाहेर येईल आणि विचित्र वाटेल, वाटू दे. मग मूठ अगदी थोडी खाली आण, धार केसाला लागेपर्यंतच. तुमचं भाताचं रान आहे ना? कोळपं धरलंयस कधी? कोळप्याची फास जास्त दाबली तर मातीत रुतते आणि बैल थबकतो. उचलून धरली तर तण तसंच मागे राहतं. बरोबर लागली की मातीच्या पापुद्र्याखालून सरसरत जाते आणि जोर करावा लागत नाही. हे काम तेच आहे. जोर म्हणून लावायचाच नाही. रेझर पितळी आहे, त्याचं वजन पुरतं.

तो बोलतो, हे तुला कुणी सांगितलं नसेल. जाड ब्लेड केस कापताना आवाज करतं, तव्यावर उलथणं हलकंच ओढावं तसा, खर्र खर्र. पातळ ब्लेड इतकं बोलत नाही. कोन बरोबर असला की आवाज कोरडा आणि स्वच्छ येतो. आवाज बसला की कोन चुकला, नाही तर साबण सुकला. पंखा बंद कर, बाथरूमचा नळ बंद कर आणि कानाने दाढी कर. पहिल्या आठवड्यात आरशापेक्षा कानाचा उपयोग जास्त होतो.

बाकी नेहमीचंच. गरम पाणी, तीन मिनिटं ब्रश, बोटभर लांबीच्या ओढी. पहिले पंधरा दिवस केसाच्या दिशेनेच आणि एकदाच. उलटी दाढी नाही, संध्याकाळी गाल थोडा खरखरीत लागला तरी चालेल. जबड्याखाली कातडी ताणून धर, तुला कापलं ती जागा तीच. शेवटी तुरटीचा खडा ओला करून फिरव. कुठे झोंबलं ते लक्षात ठेव, तिथे तू दाबलं होतंस. पाच-सात दाढ्या झाल्या की ब्लेड बदल. वापरलेलं ब्लेड झाकणाला खाच पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात टाक. उकिरड्यावर नको, खेड्यात गुरं तिथेच तोंड घालतात.

दाढी झाली की रेझर उघडाच वाळू दे. खानापूरचा पाऊस मला माहीत आहे. जुलैत तुमच्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मग पोलादी स्प्रिंगला गंज धरायला कितीसा वेळ?

साफसफाईचं तू विचारलं नाहीस, तरी सांगतो, कारण हे शिकायला मी एक रेझर घालवला. माझ्याकडे सोन्याचा मुलामा दिलेला एक मायक्रोमॅटिक होता. आला तेव्हा काळपट, कळकलेला, दात्यांत पन्नास वर्षांपूर्वीचा कुणाचा तरी साबण. घरात पितळेची भांडी घासायची पावडर होती. समई लखलखते तर हा का नाही, म्हणून बसलो घासत. दहा मिनिटांत लखलखला खरा, पण सोनं गेलं होतं आणि खालचं पितळ चमकत होतं. मुलामा म्हणजे कांद्याच्या सालीहून पातळ असतो हे मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कळलं. तेव्हा पावडर नाही, चिंच नाही, लिंबू नाही, टूथपेस्टसुद्धा नाही. कोमट पाणी, भांड्यांचा पातळ साबण आणि जुना मऊ टूथब्रश. हिरवट चिकटा दात्यांत अडकला असेल तर रात्रभर साबणाच्या पाण्यात ठेव आणि लाकडी टूथपिकने काढ. शेवटी औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल स्पिरिट. पण एव्हर-रेडीतल्या एखाद्याची मूठ काळी किंवा हस्तिदंती रंगाची प्लास्टिकसारखी असेल, तर तिला गरम पाणी आणि स्पिरिट दोन्ही दाखवू नकोस, ती तडकते.

आता तुझे सहा.

स्टार विक. त्याचं पाचरीसारखं पातं पट्ट्यावर फिरवायला शिकायला तुला वर्ष लागेल आणि बरं पातं हाती लागणं नशिबाचा भाग. शोभेला ठेवायचा तर वेगळी गोष्ट, पण तू शोभेवाला दिसत नाहीस. व्हॅलेटही विक. चामड्याचा पट्टा रेझरच्या पोटातून ओवून ब्लेड न काढता धार लावायची, ही गेझमन नावाच्या माणसाची युक्ती मोठी देखणी होती. जिलेटच्या कंपनीला १९३० साली त्याच्या कंपनीशी हातमिळवणी करावी लागली. पण आज त्याच्या ब्लेडांसाठी वणवण करावी लागते. शिक इंजेक्टर ठेव. त्याची ब्लेडं अजून बनतात. जेकब शिक अमेरिकन लष्करातला, आणि ब्लेडांच्या पेटीतून एक ढकललं की जुनं बाहेर पडून नवं बसतं ही करामत लहान मुलालाही आवडेल अशी आहे.

दोन एव्हर-रेडीपैकी एकच ठेव, ज्याच्या दोन्ही खुंट्या शाबूत आहेत तो. विकणाऱ्याने '१९१२ चा' म्हणून जास्त पैसे घेतले असतील तर हळहळू नकोस, सगळ्यांचीच ही फसगत होते. रेझरवर कोरलेली तारीख बहुधा पेटंटची असते, बनावटीची नव्हे. संग्राहक ज्याला '१९१२' म्हणतात तो नमुना पुढे कितीतरी वर्षं निघत होता.

रोल्सबद्दल मी निःपक्षपाती नाही. तो विलायती, १९२० च्या दशकातला. चपट्या धातूच्या डबीत एका झाकणाला धारेचा दगड, दुसऱ्याला चामडं, आणि मधे पातं दांडीवर मागेपुढे सरकवायचं. प्रत्येक फेऱ्याला ते खट्‌ खट्‌ पालथं पडतं. टाकायचं काहीच नाही, एकच पातं जन्मभर. आमच्या वडिलांच्या एका वकील स्नेह्यांकडे होता. टिळकवाडीत सकाळी त्यांच्या खिडकीखालून गेलं की खटखट ऐकू यायची, आम्हा पोरांना वाटायचं आत टाइपरायटर चाललाय. (ती कंपनी पुढे एका उद्योगी माणसाच्या हातात गेली, कपडे धुण्याची यंत्रं विकू लागली आणि १९६४ मध्ये बुडाली. दाढीवर टिकली असती असं मी म्हणत नाही.) तुझ्या रोल्सचा दगड तडकलेला नसेल आणि पात्याला भिंगातून खांडं दिसत नसतील तर ठेव. पण दाढीला लगेच घेऊ नकोस. जेम आधी येऊ दे.

म्हणजे विकायचे तीन, ठेवायचे तीन, आणि पणजोबांचा चौथा. नवा एकही घ्यायचा नाही, निदान जेमवर सलग साठ दाढ्या होईपर्यंत. तू साडेअकरा हजार घालवलेस आणि एकाही रेझरने अजून धड दाढी केली नाहीस, हे तुझ्या पत्रात कुठेच लिहिलेलं नाही, पण मला दिसलं. पहिल्याने कापलं म्हणून दुसरा घेतलास, दुसऱ्याला ब्लेड नाही म्हणून तिसरा. मी हेच केलंय, म्हणून ओळखतो.

बायकोचा राग रेझरवर नाही, झेरॉक्सच्या दुकानावर आहे. गावातल्या त्या मित्राला सगळं ठाऊक आणि घरातल्या बाईला नाही, हे कुठल्या बाईने सोसावं? सहाही रेझर तिच्यापुढे मांड आणि कागदावर किमती लिहून दे, टपालखर्चासकट, शंभर रुपयेही कमी न करता. तीन विकून येणारे पैसे तिच्या हातात दे. नवऱ्याचा छंद आहे, समजून घे, असलं भाषण करू नकोस.

आईशी वाद घालू नकोस. आमच्या घरातही आई असेपर्यंत अमावस्येला आणि शनिवारी दाढी नव्हती आणि त्याने माझं काही बिघडलं नाही. ब्लेड नवं आहे, मूठ स्पिरिटने पुसली आहे, हे एकदा सांग आणि गप्प बस. तिला ते तरीही नको असेल तर पणजोबांचा जेम डबीत राहू दे आणि तसलाच दुसरा शोध. मी आत्ताच घातलेल्या बंदीला एवढा एक अपवाद.

आणि ती ट्रंक पुन्हा एकदा उपस. पलटणीचं पेबुक (पगाराची नोंदवही) किंवा डिस्चार्जचा कागद असेल तर बटालियनचा नंबर मिळेल. मराठा लाइट इन्फंट्रीच्या एकाहून जास्त बटालियन इटलीत लढल्या. यशवंत घाडगे तिसऱ्या बटालियनचे, नामदेव जाधव पहिल्या. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस तिथेच मिळाला, एक जुलै १९४४ ला, दुसरा एप्रिल १९४५ ला. पणजोबा कोणत्या बटालियनमध्ये होते ते कळलं तर चिठ्ठीवर लिहून रेझरच्या डबीत टाक. नंबर कळला नाही तर आईला विचार, सासरे दाढी कुठे बसून करायचे, आरसा कुणाचा होता, पाणी कोण तापवून द्यायचं, पणजोबांचं काही बोलायचे का. तेही लिहून ठेव. ऑनलाइन विकत घेतलेल्या सहांपैकी एकाबरोबरही असली चिठ्ठी आलेली नसणार.

ब्लेडं यायला तीन-चार आठवडे लागतील. तोवर सलूनमध्ये जा. आणि टोपाझचा तो दुसरा अर्धा तुकडा टाकून दे. कागदात गुंडाळून खिडकीच्या कठड्यावर ठेवला असशील, बघ.